एका काचेवर तीन चित्रं

मॉनिटर काकांच्या दिवाणाखाली होता, काकूच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेला. आम्ही दोघांनी तो ओढून बाहेर काढला आणि लुगड्याची गाठ सोडली, तशी आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग जुन्या धुळीचा, आणि त्या दोन्हींच्या खालून अगदी बारीक, संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा. काकूचं माहेर काटोलचं. ती कपड्यांच्या घडीत साली ठेवायची. साली कधीच्या भुगा होऊन गेल्या होत्या, पण वास राहिला होता. वास इतकी वर्षं कुठे दडून बसतो कोण जाणे.

"हळू वं पोरी," काका म्हणाले. "सारं वजन समोरच्या काचेत असते. मागून धरशीन तं तोंडावर पडन तो."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. शहराच्या सदर भागातला लग्नाच्या कॅसेटींचा स्टुडिओ बंद केल्यापासून ते वाडीला, शहराच्या कडेला राहतात, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या दोन खोल्यांत. काकू जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याची तारीख सोमवारची होती. आणि ऐन वेळी त्यांनी फोन करून मला सांगितलं की दिवाणाखालचा मॉनिटर सुरू होऊन त्यावर तीन चित्रं दिसल्याशिवाय ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

"काहून पण?" मी विचारलं.

"डाव्या डोळ्याचं एक काम बाकी आहे."

मला लहानपणापासून चौकशीची खोड. डोळ्याचं असं कोणतं काम असतं, या एका प्रश्नापायी मी शनिवारी पुण्याहून येऊन हजर झाले. काकांनी चहा टाकला, समोर बसले, आणि काही आढेवेढे न घेता सगळं सांगितलं.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्याच अंगाकडे पाहिलं आणि नर्सला विचारलं, हा कोणाचा शर्ट घातला मले? शर्ट त्यांचाच होता, नेहमीचा; फक्त तो पांढरा आहे हे त्यांना कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांना खेळच सापडला. एक डोळा मिटायचा, भिंत पाहायची. दुसरा मिटायचा, तीच भिंत पाहायची. उजव्यात चुना, डाव्यात बेसन. शेजारच्या गोदामातले हमालसुद्धा येऊन हसून गेले. आणि असं खेळता खेळता एका दुपारी त्यांना काकूची शेवटची दिवाळी आठवली.

"तेव्हा तिचं तोंड मले पिवळं दिसे," काका म्हणाले. "पण मले तं भातही पिवळा दिसे, चांदणंही पिवळं दिसे. मी म्हनलं, आपलाच डोळा गेला. एक दिवस जेवताना मस्करी केली. म्हनलं, कावीळ झाली का जग पिवळं दिसते म्हणतात, मलेच झाली का पाह्य वं. ते हासली."

कावीळ काकूला झाली होती. ती नुसती कावीळ नव्हती, आतलं दुखणं फार पुढे गेलं होतं. तपासताना डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, डोळे पिवळे झालेले घरात कोणाला दिसले नाहीत का? त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. पण काकांनी तो प्रश्न दवाखान्यातून घरी आणला होता.

"दिसत नव्हतं, का दिसत होतं आन् मी डोळ्यावर ढकललं? हे मले पाहिजे. उजवा डोळा आता नवा झाला, त्याले काय मालूम. डावा तोच आहे, तेव्हाचा. सोमवारी तोही जाईन. मंग कोणाले विचारू?"

मी फोन काढला. त्या दिवाळीला माझी मुलगी वाडीला आली होती आणि तिने काकूचा व्हिडिओ काढला होता: काकू खाली बसून परातीत तांदळाचं पीठ चाळतेय आणि वर पाहून काहीतरी बोलतेय. "हा घ्या ना, यात पाहा," मी म्हटलं. काकांनी फोनकडे पाहिलंदेखील नाही.

"फोन आपल्या मनानं रंग चढवते. म्हाताऱ्याले जवान करते. मॉनिटरचं तसं नाही. त्याले जे देशीन ते दाखवते, पदरचं टाकत नाही."

म्हणजे त्यांना काय हवं होतं ते कळलं. एकाच काचेवर, रंगाची एकही खुंटी न हलवता, तीन चित्रं: आधीची काकू, नंतरची काकू, आणि या दोघींना पारखायला एक निखळ पांढरा रंग. मग उजवा डोळा झाकून डाव्याची उलटतपासणी.

सदरमधला तो स्टुडिओ माझ्या सुट्ट्यांचं गाव होता. खाली शिंप्याचं दुकान, वर लाकडी जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी कूलर. बाहेर उन्हाने डांबर वितळत असायचं आणि आत अंधारात वाळ्याचा गारवा, कॅसेट मागे फिरण्याची सुर्र सुर्र, आणि काचेवर परक्या लोकांची लग्नं. मी किती अनोळखी नवऱ्या पाहिल्या असतील! त्यांची नावं मला पाठ असत, कारण ती पडद्यावर सोनेरी अक्षरांत खाली उतरायची आणि ती अक्षरं माझ्यासमोर तयार झालेली असायची. नवरदेवाच्या नावात काना राहिला म्हणून एकदा अख्खं वऱ्हाड जिना चढून आलं होतं. काकूने सगळ्यांना लिंबाचं शरबत पाजून खाली पाठवलं.

स्टुडिओत कामाची वाटणी पक्की होती. रंग काकांचे, वायरी काकूच्या. काकांचा डोळा सदरमध्ये प्रसिद्ध होता. लग्नाच्या कॅसेटी जोडणारे दुसरे मिक्सिंगवाले आपलं काम घेऊन यायचे आणि म्हणायचे, भाऊ, जरा नजर टाका. काका नजर टाकायचे आणि सांगायचे, लाल जास्त झाला, नवरी रागावल्यासारखी दिसून राहिली. मॉनिटर लावायची त्यांची रीत त्यांची स्वतःची होती. हळदीचा प्रसंग शोधायचा, चित्र थांबवायचं आणि हळद हळदीसारखी दिसेपर्यंत मागच्या खुंट्या फिरवायच्या. हळद बरोबर दिसली की लग्न बरोबर.

काकूला हे अजिबात मान्य नव्हतं. "हळद का सगळ्या घरची एक असते?" ती फॉल-बीडिंगची सुई दातात धरून म्हणायची. "कोणाची वायगावची, कोणाची दुकानातली डब्याची. धोतरावर लावा, टोपीवर लावा. पांढरं सगळ्या घरचं सारखं." काका हसायचे. पिवळ्याला खरं मानून त्यांनी सगळी हयात काढली, याचं मला तेव्हा कौतुक होतं. आता ते कौतुक उरलेलं नाही.

काकूच्या वायरी हे मात्र माझं खरं कुतूहल. साध्या टीव्हीत सगळं चित्र एकाच वायरीतून कोंबून येतं. या मॉनिटरमध्ये तसं नाही. तांबड्याची वायर वेगळी, हिरव्याची वेगळी, निळ्याची वेगळी. आणि चौथी? चौथ्या वायरीत रंग नसतोच. ओळ कुठे सुरू करायची, पान कुठे उलटायचं, एवढंच ती सांगते. तिला सिंक म्हणायचे. सगळ्या वायरी दिसायला काळ्या, म्हणून काकूने फॉलच्या रिळांमधला दोरा काढून प्रत्येकीला बांधला होता: तांबडा, हिरवा, निळा, आणि सिंकला पांढरा. टोकं पुढे दाबून चतकोर फिरवली की कट् असा आवाज व्हायचा. तो आवाज काढायला मिळावा म्हणून मी मॉनिटरच्या मागे जाऊन बसायची आणि काकू म्हणायची, "निस्ती कट् कट् नको करू. कोणती कुठी जाते ते सांग पाहू."

ते सगळं आता वाडीच्या खोलीत पसरलं होतं. काकूच्या ट्रंकेतून आम्ही टायटलचा, म्हणजे ती सोनेरी नावं लिहिणारा जुना संगणक काढला, कीबोर्डमध्येच सगळं यंत्र असलेला. कॅसेट चालवायचा डेक काढला, आणि डेकमधल्या एका वायरीतून तीन रंग सोडवून देणारा लहानसा डबाही. फोनसाठी मी बाजारातून एक नवं यंत्र आणलं होतं, फोनच्या चित्राचे तांबडा-हिरवा-निळा वेगळे करून देणारं. ते काड्यापेटीपेक्षा थोडंच मोठं होतं. काकांनी ते हातात उलटंपालटं केलं आणि "एवढंसंच?" म्हणून नाक मुरडलं.

तीन यंत्रं, आणि मॉनिटरला मागे रंगांचा एकच संच. तीन रंग आणि सिंक, चार भोकं. पण काकूने यावर पूर्वीच तोड काढली होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिने एक फिरती कळ बसवून घेतली होती: एकावर फिरवा, एक यंत्र, दोनवर फिरवा, दुसरं. तो डबाही ट्रंकेत होता, झाकणावरचं बाळ अजून हसत होतं.

दोऱ्यांनी मात्र दगा दिला. इतक्या वर्षांत हिरवा आणि निळा उडून दोन्ही सारखेच राखाडी झाले होते. मी खिडकीशी नेऊन पाहिलं, मला ओळखू येईना. काकांनी डाव्या डोळ्याने पाहिलं आणि मान हलवली. मग उजव्याने पाहिलं, आणि एकेक दोरा वेगळा काढत गेले, "हा निळा, हा हिरवा, हा निळा," धान्यातले खडे निवडावेत तसे. एकही चुकला नाही.

दुपारी खिडक्यांवर चादरी लावल्या आणि मॉनिटरचं बटण दाबलं. आत टण् झालं. काचेवर हात फिरवला तर अंगावरची लव उभी राहिली, अगदी तशीच. संगणकाने फ्लॉपी खरवडायला सुरुवात केली, बराच वेळ खरवडली, मी आशा सोडली, आणि काळ्या काचेवर सोनेरी अक्षरं एकामागून एक उतरली: शुभविवाह. कोणाचा ते यायच्या आत काकांनी ते घालवलं आणि सगळा पडदा पांढरा केला. खोलीतल्या भांड्यांवर तो उजेड पडला.

"हे पांढरं," काका म्हणाले. "आता कॅसेट लाव."

मी डब्याची कळ दोनवर फिरवली, आणि चित्राच्या चिंध्या झाल्या. तिरक्या रेघा, वर पळणाऱ्या पट्ट्या, मध्येच कुणाची तरी नथ. मी टोकं काढून पुसली, पुन्हा बसवली, कट्, कट्, कट्. तेच. कॅसेट गेली, डेक गेला, काचेतलं काहीतरी गेलं, अशा माझ्या सगळ्या शंका घेऊन झाल्या. तोवर काकांनी डबा उलटा करून झाकण उघडलं होतं.

"हे पाह्य. तुझी काकू तीनच वायरी बदलवे. चौथीले हातच नाही."

खरंच, त्या कळेवर फक्त रंग जोडलेले होते. सिंक सरळ निघून गेली होती, कायमची पहिल्या यंत्राकडे. मला कळेना, मग तेव्हा चालत कसं होतं? काकूने अशी चूक केली असेल? काकांनी थोडं आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चूक नव्हती ती. स्टुडिओतली सगळी यंत्रं एकाच तालावर बांधलेली असत, एक जण मोजायचा आणि बाकीचे त्याच्या मागे. सगळ्यांची ओळ एकाच क्षणी सुरू होत असेल तर चौथी वायर बदलायची गरजच काय? आज मात्र आमची तिन्ही यंत्रं परस्परांना अनोळखी होती, प्रत्येकाचा ताल आपापला. संगणकाच्या तालावर कॅसेटचे रंग नाचवले तर चिंध्या होणारच. तिची खोली असती तर तिचा डबा बरोबर होता.

उपाय सोपा होता आणि कंटाळवाणा. दर वेळी कळ फिरवायची आणि मागे जाऊन सिंकची वायर हाताने बदलायची. ते काम माझ्याकडे आलं. मी मॉनिटरच्या मागे भिंतीला टेकून बसले. तिथून काच दिसत नाही. दिसतो तो समोरच्या माणसाचा चेहरा, काचेच्या उजेडात.

कॅसेट लागली. काटोलचं कुठलंसं लग्न, काकूच्या माहेरच्या आळीतलं. मला आवाज ऐकू येत होता, बायकांची हळदीची गाणी, भांड्यांचा खणखणाट, कुत्रं. आणि काकांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती आली. ते दोन्ही डोळ्यांनी पाहत होते आणि हसत होते.

"लाइट डोळ्यावर मारला तं केवढी चिडली पाह्य. 'नवरीवर मारा, माह्यावर काहून?' म्हणते."

मी पुढे येऊन पाहिलं. काकू, माझ्या आजच्या वयापेक्षा लहान, हातात हळदीचं ताट, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून. त्या डोळ्यांतलं पांढरं अगदी स्वच्छ होतं. ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, पण ती अशी होती हेच मी विसरून गेले होते.

मग मी मागे गेले, वायर बदलली आणि फोनचं चित्र लावलं. व्हिडिओ मध्येच थांबवला, काकू वर पाहते त्या ठिकाणी. हसू काकांच्या चेहऱ्यावरून उतरलं. त्यांनी आधी उजव्या डोळ्याने काम केलं, जुन्या सवयीने, कामासारखं. "संगणक दाखव. आता हे. पुन्हा संगणक." परातीतलं पीठ आणि संगणकाचं पांढरं दोन्ही निखळ दिसेपर्यंत मी मागच्या खुंट्या पेचकसाने थोड्या थोड्या फिरवत राहिले, ते सांगतील तशा. आयुष्यात पहिल्यांदा काका पांढऱ्यावर मॉनिटर लावत होते. "हं. पीठ पांढरं झालं. आता कशालेच हात नको लावू."

उजव्या डोळ्याला काय दिसतंय ते मला ठाऊक होतं.

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, कोणीतरी "आन दे, आन दे" ओरडत होतं. काका पुढे वाकले.

"काका?"

"सांगता नाही येत," ते म्हणाले. "सारंच पिवळट आहे. पीठही, तुझी काकूही. पांढरं दाखव एकदा."

मी कळ फिरवली, वायर बदलली. मग पुन्हा काकू. मग पुन्हा पांढरं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मागे बसून मला एकच वाटत होतं: नको. या माणसाला आता या वयात हे कळायला नको. दिसत नव्हतं, संपलं, असं त्याने म्हणावं आणि सोमवारी माझ्याबरोबर रिक्षात बसावं. निळ्याची खुंटी माझ्या बोटांजवळच होती. पिवळेपणा म्हणजे निळा कमी पडणं, हे मला काकांनीच शिकवलं होतं. काकूचं चित्र लावताना मी पेचकस टेकवला आणि निळा किंचित वाढवला. अगदी किंचित. तिचे डोळे तेवढे निवळतील, एवढाच.

काका सरळ बसले.

"निळा काहून वाढवला वं?"

मी पेचकस खुंटीवरून उचलला.

"पीठ निळं झालं."

उजव्या डोळ्यावरचा तळवा अजून तसाच होता. काय झालं ते आधी माझ्या लक्षात आलं, मग त्यांच्या. त्या गढूळ, टाकाऊ ठरलेल्या डोळ्याने केसाएवढा निळा पकडला होता. काकांनी उजव्या डोळ्यावरचा तळवा आणखी घट्ट दाबला.

"काका, राहू द्या आता," मी म्हटलं. "बंद करते."

"नाही. होता तिथी आण."

मी पेचकस लावला आणि निळा खाली घेऊ लागले. मला काच दिसत नव्हती, नुसता त्यांचा चेहरा दिसत होता.

"अजून थोडा," काका म्हणाले. "अजून. बस. आता बरोबर आहे. पीठ पांढरं. आन् ते पिवळी."